मीठ हाताला कळायचं

मी सणसरची. घरची शेती आहे. थोडा ऊस, बाकी वांगी, मिरची, टोमॅटो, जे बारामतीच्या बाजारात जातं ते. वय चौपन्न. मागच्या वर्षी मला स्तनाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, केमो झाली, आता रोज एक गोळी घेते. हे लिहितेय ते माझ्यासारख्या बायांसाठी, आणि त्याहून जास्त त्यांच्या घरच्यांसाठी. आजाराची माहिती मी सांगणार नाही, ती डॉक्टर सांगतील. मी स्वयंपाकाचं सांगणार आहे, कारण मला दुसरं काही येत नाही.

एक गोष्ट आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं समजणार नाही. मी स्वयंपाक चाखत नाही. लग्न होऊन आले त्याच वर्षी सासूबाईंनी सांगितलं, नैवेद्याला जीभ लावायची नाही. आमच्या घरात सणवार, कुळधर्म, सवाष्ण-ब्राह्मण इतकं की चाखायचं कधी आणि नाही कधी हे लक्षात ठेवण्यापेक्षा मी चाखणंच सोडून दिलं. मीठ हाताला कळायचं. घरच्या भाजीला तीन बोटांची चिमूट, आमटीला दोन चिमटी, आणि माणसं जास्त असली की तळहातावर घेऊन अंगठ्यानं सोडायचं. बोटाखालून मीठ किती सरकलं ते समजायचं. पन्नास माणसांच्या आमटीत माझं मीठ कधी चुकलं नाही. ही बढाई आहे, पण खरी आहे, आमच्या भावकीत कुणालाही विचारा.

साधी गाठ

रिपोर्ट घ्यायला बारामतीला गेलो तेव्हा नुकतीच होळी झाली होती. आमचे हे आणि मुलगा सागर डॉक्टरांच्या खोलीत गेले. मला म्हणाले, तू बस बाहेर, गर्दी कशाला. मी बाकावर बसले. घरी मटकी फडक्यात बांधून ठेवली होती. उन्हाळा सुरू झालेला, म्हणजे मोड भराभर येणार, आणि आज उसळ केली नाही तर तिला वास सुटणार. बराच वेळ मी त्या मटकीचाच विचार करत होते.

दोघं बाहेर आले. हे म्हणाले, "साधी गाठ हाय. काढून टाकायची. मग थोडं सलाईन लावत्यात म्हणं."

सागर मोबाईल बघत होता. मोबाईल बंद होता. त्याच्या काखेत फाईल होती आणि फाईलवर मोठ्या अक्षरात विभागाचं नाव छापलेलं होतं. मी सातवी शिकलेय. मी ते वाचलं. गाडीत बसलो, भवानीनगरच्या अलीकडं उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकलो, घरी आलो. मी उसळ टाकली.

लोक विचारतात, त्या दिवशी काय वाटलं. काहीही वाटलं नाही. खरं सांगते. मला वाटायचं, असं कळल्यावर माणूस रडतं, देवापुढं बसतं, निदान पाय तरी गळतात. माझं काही गळालं नाही. भाकरी नेहमीसारख्या फुगल्या. हे जेवताना माझ्याकडं बघत होते, आणि मी बघितलं की ताटात बघत होते. मला कॅन्सर आहे हे मला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, आणि घरात तो शब्द नव्हता. पुढं आठ महिने आम्ही त्याला सलाईनच म्हणालो.

सुनंदाताई आणि माडगं

ऑपरेशनचं मला फार आठवत नाही. केमोचं आठवतं, कारण ती संपतच नव्हती. सकाळी लवकर निघायचं, रक्त तपासायचं, आकडा बरा आला तर खुर्ची मिळायची. हॉलमध्ये ओळीनं खुर्च्या, मागं स्टँड. कुणी घोंगडीसारखं ब्लँकेट घेऊन झोपलेलं, कुणी मोबाईलवर मालिका बघणारं. नर्सबाई चांगल्या होत्या, शीर पटकन शोधायच्या. दुपारी एक मावशी चहा आणायची. तो चहा मला लोखंड चाटल्यासारखा लागायचा, पण तिनं आठवणीनं कमी साखरेचा आणलेला असायचा म्हणून मी प्यायचे.

माझ्या शेजारच्या खुर्चीत इंदापूरच्या सुनंदाताई असायच्या. निवृत्त शिक्षिका. त्यांची मुलगी बरोबर यायची आणि दर वेळी नवा रिपोर्ट त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायची, वर्गात धडा वाचावा तसा. मध्येच त्या विचारायच्या, हे काय म्हणजे, आणि मुलगी सांगायची. आपल्या आजाराचं त्यांना सगळं पाठ होतं.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "तुमची स्टेज कितवी?"

मी म्हणाले, "माझी साधी गाठ हाय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, वर लावलेल्या बाटलीकडं बघितलं आणि म्हणाल्या, "बरं." मला फार लाज वाटली. आजाराची नाही, त्या उत्तराची.

त्यांना काही जात नव्हतं. पेज उलटून पडायची, फळं नको वाटायची. मी त्यांना हुलग्याचं माडगं सांगितलं. आमच्याकडं बाळंतिणीला देतात, तापातून उठलेल्याला देतात. तुम्हालाही सांगते. हुलगे निवडून मंद आचेवर खमंग भाजायचे आणि बारीक दळून आणायचे. दोन मोठे चमचे पीठ वाटीभर गार पाण्यात गुठळी मोडून कालवायचं. पातेल्यात तीन वाट्या पाणी उकळायला ठेवायचं, त्यात सुपारीएवढा गूळ टाकायचा आणि कालवलेलं पीठ हळूहळू सोडत ढवळत राहायचं. दाटसर झालं की चिमूटभर सुंठ, चिमूटभर मीठ. वाटीत घेऊन गरम असताना फुंकर मारत प्यायचं. दूध चालत असेल तर वरून घाला. हुलगा उष्ण असतो, म्हणून एका वेळी अर्धी वाटीच घ्यायची.

पुढच्या खेपेला त्या म्हणाल्या, "अहो, पोटात टिकलं! पण चिमूटभर म्हणजे किती, यावरून माझं आणि मुलीचं भांडण झालं."

मी हात पुढं केला आणि तीन बोटं जुळवून दाखवली, "एवढं." तेव्हा लक्षात आलं की बोटं एकमेकांना लागली आहेत की नाही ते मला बघावं लागतंय.

बोटं

आधी मुंग्या आल्या. मग मुंग्या गेल्या, आणि त्यांच्याबरोबर बाकीचंही गेलं. ब्लाउजचं हूक लागेना. पिशवीचं तोंड सुटेना. कोथिंबिरीची काडी हातात आहे का खाली पडली ते बघितल्याशिवाय सांगता येईना. तव्यावर भाकरी उलटताना चटका बसतो तो बसेना, आणि मला वाटलं, चला, एक बरं झालं.

नर्सबाई दर वेळी विचारायच्या, "हातापायाला मुंग्या, बधिरपणा?" आणि मी सांगायचे, "थोड्या येत्यात." थोड्या नव्हत्या. पण खरं सांगितलं असतं तर घरी कळलं असतं, आणि घरी कळलं असतं तर मला ओट्यापासून उठवलं असतं. घरच्यांनी माझ्यापासून लपवलं म्हणून मी पुढं बोलणार आहे, तेव्हा हेही लिहून ठेवते, की मीही लपवत होते.

त्या दिवसांत आतूनही मी तशीच होते. केस गेले, काही वाटलं नाही. धाकटी बहीण गळ्यात पडून रडली, मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिच्या साडीचा पोत हाताला लागत नाही एवढंच मनात आलं. सुनंदाताई एका खेपेला आल्या नाहीत, त्यांची खुर्ची दुसऱ्या कुणाला दिली, तेव्हाही मी चहा घेतला. त्या पुढच्या खेपेला आल्या, रक्त कमी होतं म्हणून परत पाठवलं होतं. म्हणजे आनंद व्हायला पाहिजे होता. मी म्हणाले, "आलात व्हय, बरं झालं."

सलाईनचे चार-पाच दिवस गेले की मी स्वयंपाक करायचे. तेवढं एकच माझं म्हणून राहिलं होतं. सून अश्विनी तीन वर्षांपूर्वी भवानीनगरहून आलेली. शांत मुलगी, बी.कॉम. झालेली, मला आत्या आणि यांना मामा म्हणते. माझं आटपत आलं की ती म्हणायची, "आत्या, तुमी बसा बाहेर आता, मी वाढते." मला वाटायचं, किती काळजी घेते.

आणि सगळे माझ्या हातचं कौतुक करायला लागले. आमचे हे म्हणजे कालवणात डाळ जरा कमी शिजली तर ताट सरकवणारा माणूस. संसाराच्या पस्तीस वर्षांत त्यांनी मला "बरं झालंय" एवढं म्हटल्याचं दोनदा आठवतं, त्यातलं एकदा पाहुणे होते म्हणून. ते आता रोज म्हणायचे, "झकास." पिठल्याला झकास. नुसत्या वरणाला झकास. मला खरं तर तेव्हाच कळायला हवं होतं. पण माझ्याच तोंडाला चव नव्हती, मला सगळं राखेसारखं लागायचं, तेव्हा मी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला.

चंपाषष्ठी

आमचं कुलदैवत खंडोबा. चातुर्मासात आमच्या घरात वांगं, कांदा, लसूण खात नाहीत. रानात वांगी लगडलेली असतात, क्रेट भरभरून बाजारात जातात, आणि घरात चार महिने वांगं शिजत नाही. ते सुटतं चंपाषष्ठीला. त्या दिवशी देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य असतो आणि सगळी भावकी आमच्याकडं जेवायला येते, तीस-पस्तीस माणसं. केमो संपून थोडेच दिवस झाले होते. हे म्हणाले, यंदा राहू दे, जावेकडं करू. मी म्हणाले, भरीत मीच करणार.

सकाळी अंगणात बाभळीच्या लाकडांचा विस्तव केला. मोठी वांगी, तेलाचं बोट लावून, टोचे मारून निखाऱ्यात घातली. ती फुसफुसत मऊ झाली की काढून सोलायची. भरतात अवघड काम तेच. वांगं गार झालं की साल चिकटते, म्हणून गरम असतानाच सोलावं लागतं. बाया शेजारी पाण्याचं भांडं घेऊन बसतात, बोटं बुडवतात, हाय-हुय करतात, थट्टा चालते. मी त्या दिवशी पाणी न घेता बसले. एकामागून एक वांगं सोलत गेले. एवढ्या भराभर मी पंचविशीतही सोलली नव्हती.

जाऊबाई बघतच राहिल्या. म्हणाल्या, "काय बाई हात हाय का काय तुझा! आमी तर चार वांग्यांतच गार झालो."

मला बरं वाटलं. त्या आठ महिन्यांत बरं वाटल्याची ही एकच वेळ मला सांगता येईल.

मिरची-लसूण खलबत्त्यात कुटलं, कांद्याची पात चिरली, दाण्याचं कूट घातलं आणि परातीत सगळं कालवलं. मग मीठ. तळहातावर घेतलं. अंगठा फिरवला, आणि काही सरकतंय की नाही ते कळेना. मी बघितलं तर थोडं पडलं होतं. अजून फिरवला. पस्तीस माणसांत अळणी नको, म्हणून अजून थोडं. मग मी हात धुतला आणि रोडग्याच्या पिठाकडं वळले. चाखायचा प्रश्नच नव्हता, नैवेद्य व्हायचा होता.

नैवेद्य झाला. गायीला, कुत्र्याला घास काढला. पुरुषांनी तळी भरली, पाच जणांनी ताट उचलून येळकोट केला, भंडारा उधळला, आणि पंगत बसली. मी वाढायला उभी राहिले. पुतण्या म्हणाला, "काकी, भरीत एक नंबर." दीर म्हणाले, "वहिनी, तुमच्या हाताला तोड न्हाय." यांनी तर दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मी शेवटी बसले, खाल्लं, मला नेहमीची राखच लागली.

दोन जार

पाहुणे गेल्यावर मी अंगण आवरत होते. जेवणाला फिल्टरच्या पाण्याचे दोन जार आणले होते. थंडीचे दिवस, दरवर्षी एक जार तसाच परत जातो. त्या दिवशी दोन्ही रिकामे होते. घरातला माठही तळाला गेला होता.

मी जाराकडं बघत उभी राहिले. मग आत जाऊन यांना विचारलं, "भरतात मीठ जास्त व्हतं का?"

"कुठं? झकास झालं व्हतं."

सागरला विचारलं. तो म्हणाला, "न्हाय गं आई. भाकरीनं तहान लागती." आम्ही भाकरी केलीच नव्हती, रोडगे होते.

मी मोरीत जाऊन हात घासायला लागले. बोटं सालीनं काळी झाली होती. काळं निघेना म्हणून नारळाच्या शेंडीच्या किशीनं घासलं, आणि उजव्या अंगठ्याची कातडी किशीबरोबर सुटून आली. ती पांढरी पडली होती. दुखलं नाही. मी ती हातात धरून बघत होते, तेवढ्यात अश्विनी भांडी घेऊन आली.

"आत्या, हात! अवो, हात बघा तुमचा!"

सगळ्या बोटांना फोड आले होते. तिनं माझे हात पाण्याखाली धरले आणि ती रडायला लागली. मी तिला रडू दिलं. मग विचारलं, "अश्विनी, भरीत खारट व्हतं का?"

"न्हाय, आत्या."

"मी तुला विचारतीया. त्यांना न्हाय."

ती म्हणाली, "खारट नव्हतं आत्या. तोंडात घालवत नव्हतं."

मग तिनं सांगितलं. गौरीच्या आमटीपासून माझं मीठ चुकत होतं. कधी अळणी, कधी खारट. मी बाहेर जाऊन बसले की ती रोज चाखायची, कमी असलं तर घालायची, जास्त असलं तर बटाटा टाकायची, पाणी वाढवायची. तीन महिने. भरीत नैवेद्याचं, त्याला तोंड लावता येईना. गेला आठवडाभर मी अळणीच करत होते, म्हणून तिनं अंदाजानं एक मूठ मीठ घातलं. आणि तिनं हे माझ्या जावेला सांगून ठेवलेलं, म्हणून मी रोडग्याकडं गेल्यावर जाऊबाईंनीही आपल्या परीनं घातलं. एका भरतात तिघींचं मीठ. आणि पस्तीस माणसांनी ते खाल्लं, आणि एकानंही तोंड वाकडं केलं नाही.

मला राग आला. असा राग आला की माझं मलाच नवल वाटलं. मी घासायला आलेली पितळी थाळी खाली आपटली आणि ओरडले, "तोंडावर खारट म्हणायला काय जीव जात व्हता का तुमचा?"

हे दारात येऊन उभे राहिले होते. म्हणाले, "आता कुणाला खारट म्हणायचं गं? राहिल्यात किती दिस आन्..."

आणि थांबले. सागर म्हणाला, "पपा." हे वळले आणि गोठ्याकडं गेले.

मला तेव्हा समजलं की माझ्या घरची माणसं मला जेवायला वाढत नव्हती, मला निरोप देत होती. पिठल्याला झकास म्हणत होती ती त्यासाठी. मी जिवंत होते, परातीपुढं बसून वांगी सोलत होते, आणि त्यांच्या मनात माझं सगळं आवरून झालं होतं. मला भीती वाटली. आजाराची भीती मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटली, होळीनंतरच्या त्या दिवशी वाटायला हवी होती ती सगळी.

मी अश्विनीला विचारलं, "किती दिस राहिल्यात मला?"

ती म्हणाली, "आत्या, आईशप्पत, मला म्हाईत न्हाय. मामांनी आमाला बी सगळं सांगितलेलं न्हाय. पुढच्या तपासणीला मी येते. आपण दोघी आत जाऊ."

मधले दिवस

तपासणीला आठ दिवस होते. फोडांवर मलम लावलं. त्या आठ दिवसांत अश्विनीनं एक काम केलं, ते तुमच्या उपयोगाचं आहे. खोकल्याच्या औषधाबरोबर मापाचं छोटं झाकण येतं ना, ते तिनं मिठाच्या बरणीत ठेवलं. मी म्हणायचे, आमटीला दोन चिमटी, आणि ती घालून, चाखून, किती झाकण बसलं ते वहीत लिहायची. चार माणसांच्या भरताला मोठी दोन वांगी, तीन हिरव्या मिरच्या, पाच लसूण पाकळ्या, मूठभर कांद्याची पात, दोन चमचे दाण्याचं कूट आणि पाव झाकण मीठ. वांगी चिमट्यानं धरा. बोटं बधिर असतील तर गरम आहे का ते कोपरानं बघा, बोटानं नाही. आणि चाखा. देव रागवत असेल तर त्याला माझं नाव सांगा.

चाखून ती मला खरं सांगायला लागली. "आत्या, पिठलं अळणी हाय." मला ते इतकं गोड वाटायचं की मी मुद्दाम विचारायचे.

यांच्याशी मात्र बोलणं नव्हतं. ते नजर चुकवायचे, जेवताना झकास म्हणायला तोंड उघडायचे आणि मिटायचे.

आत

तपासणीच्या दिवशी हे सवयीनं उठून डॉक्टरांच्या दाराकडं निघाले. अश्विनी म्हणाली, "मामा, तुमी बसा बाहेर. आज आमी दोघी जातो." ते काही म्हणायच्या आत तिनं दार लावून घेतलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. मी त्यांना म्हणाले, "मला कॅन्सर हाय, ते मला म्हाईत हाय. पुढचं सांगा. काय झाकू नका."

त्यांनी फाईल माझ्याकडं वळवली. म्हणाल्या, "गाठ छातीत होती आणि तिथून काखेतल्या दोन गाठींत गेलेली होती. म्हणून केमो दिली. आत्ताच्या तपासणीत कुठंही काही दिसत नाही. परत येणारच नाही असं मी तुम्हाला सांगणार नाही. येऊ शकतं. म्हणून गोळी आहे आणि म्हणून दर तीन महिन्यांनी यायचं आहे."

"किती दिस राहिल्यात?"

त्यांना प्रश्नच समजला नाही. अश्विनीनं समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "असं कोण म्हणालं? दिवस मोजायची वेळ आलेली नाही, मावशी."

मी बोटं पुढं केली. त्यांनी एकेका टोकाला टाचणी टेकवून बघितली. थोड्या रागावल्या, आधी का नाही सांगितलं म्हणून. मग म्हणाल्या, "वर्षभर वाट बघू. काहींचं परत येतं. तुमचं पूर्ण येईल असं मला वाटत नाही."

ते ऐकून माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. कॅन्सरला आलं नव्हतं, बोटांना आलं. बाईंनी टिशूचा डबा पुढं केला, आणि मला त्यातला कागद धरता येईना, म्हणून अश्विनीनं माझे डोळे पुसले.

बाहेर आलो. हे बाकावर बसले होते, मांडीवर माझी पिशवी, पिशवीच्या बंदांना दोन्ही हातांनी धरलेलं. ते उठले नाहीत. नुसते बघत होते. दाढी वाढलेली, सदऱ्याचं वरचं बटण चुकीच्या काजात. त्यांचा चेहरा बघितला आणि माझ्या ओठावर आपोआप आलं, काय न्हाय, सगळं चांगलं हाय. अगदी ओठावर. हा माणूस आठ महिने का खोटं बोलला ते मला तेव्हा समजलं, आणि माझा राग गेला.

पण मी ते म्हणाले नाही. शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. काखेतलं, आता काही दिसत नाही ते, परत येऊ शकतं ते, बोटांचं.

ते म्हणाले, "काखेतलं मला म्हाईत व्हतं. त्या दिशी डॉक्टर म्हणलं, पसरलंय. त्याच्या पुढचं मला काय ऐकूच आलं न्हाय. सागरला म्हणलं, आईला कळू द्यायचं न्हाय. मग परत इचारायचा धीर झाला न्हाय."

"आठ महिनं?"

"आठ महिनं."

समोरून माणसं जात होती. चारचौघांत माझ्या अंगाला हात लावायची यांची रीत नाही. त्या दिवशी त्यांनी पिशवी बाजूला ठेवली आणि माझी बोटं हातात घेतली, फोडांना जपून. बराच वेळ धरून बसले. आधीची मी असते तर तशीच बसू दिलं असतं, बिचाऱ्यांना बरं वाटतंय तर वाटू दे म्हणून.

मी म्हणाले, "अवो, बोटं धरू नका. मला कळत न्हाय. मनगटाला धरा."

त्यांनी मनगट धरलं. हात गरम होता, ते मला कळलं.